ऐन ओळखायचा कसा: साल, पानाची पाठ आणि डहाळीचा शेंडा

सह्याद्रीच्या पानगळीच्या रानात शिरलं की ऐन भेटल्याशिवाय राहत नाही. कोकणात तो भातखाचरांच्या कडेला उभा असतो, घाटाच्या उतारांवर किंजळ आणि नाणा या झाडांच्या सोबतीने वाढतो, विदर्भात सागाच्या जोडीने लांबवर पसरलेला दिसतो. इतकं ठायी ठायी असणारं झाड, तरी झाडं ओळखायला नुकतीच सुरुवात केलेल्यांच्या वहीत ‘ऐन’ या नावाखाली हमखास तीन-चार निरनिराळी झाडं नोंदलेली असतात. याचं कारण बहुतेकांना सुरुवातीला एकच खूण सांगितली जाते: काळी, भेगाळलेली, मगरीच्या पाठीसारखी साल. खूण खरी आहे, पण तेवढीच घेऊन रानात गेलं तर फसायला होतं.

म्हणून इथे साल, पान आणि डहाळीच्या शेंड्यावरची कळी या तिन्ही गोष्टी क्रमाने कशा बघायच्या ते सांगतो. एकाच झाडावर तिन्ही जुळल्या तरच ऐन लिहायचं, नाहीतर प्रश्नचिन्ह. हा नियम मी स्वतः कटाक्षाने पाळतो.

आधी नावाचा गुंता सोडवू

ऐनाला विदर्भात येन म्हणतात, नाशिक-खानदेशाकडे सादडा, मध्य प्रदेशाच्या सीमेजवळ साज. सादडा म्हणजे ऐन, पण ‘अर्जुनसादडा’ म्हणजे अर्जुन. त्यामुळे गावातल्या माणसाने नुसतं ‘सादडा’ म्हटलं तर कुठला ते विचारून घ्या. टसर रेशमाच्या कामात ऐनाला ‘आसन’ म्हणतात, आणि मराठीत ‘असाणा’ हे तर भलत्याच, खोडावर काटे असणाऱ्या झाडाचं नाव आहे. शास्त्रीय नावही एकच राहिलेलं नाही. आज टर्मिनालिया इलिप्टिका हे नाव चालतं, जुन्या पुस्तकांत तोच ऐन टर्मिनालिया टोमेंटोसा, क्रेन्युलाटा किंवा अलाटा म्हणून सापडेल. यातला ‘टोमेंटोसा’ लक्षात ठेवा. दाट लव असलेला, असा त्याचा अर्थ आहे आणि कळीपाशी पोचल्यावर तो कामाला येईल.

टर्मिनालिया या प्रजातीत आपल्याकडची ऐन, अर्जुन, किंजळ, हिरडा, बेहडा अशी सगळी ओळखीची मंडळी येतात. हे नाव लॅटिन ‘टर्मिनस’वरून आलं. टर्मिनस म्हणजे शेवट, टोक. मुंबईच्या रेल्वे स्थानकाच्या नावातला टर्मिनस तो हाच. या प्रजातीतल्या बऱ्याच झाडांची पानं फांदीच्या टोकाला गर्दी करतात म्हणून हे नाव. खुद्द ऐनात ही गर्दी फारशी दिसत नाही, बेहड्यात मात्र ठळक दिसते.

सोबत काय न्यायचं आणि कधी जायचं

दहापट मोठं दाखवणारं एक छोटं भिंग, सहा इंची पट्टी, वही-पेन्सिल. दुर्बीण असेल तर उत्तमच, कारण मोठ्या ऐनाची सर्वांत खालची फांदीसुद्धा बऱ्याचदा हाताला लागत नाही. मोबाइलच्या कॅमेऱ्याने वरच्या पानांचे फोटो काढून ते मोठे करून पाहता येतात, पण पानाच्या पाठीवर जे बघायचं आहे ते फोटोत क्वचितच नीट येतं.

शिकण्यासाठी सर्वांत चांगला काळ नोव्हेंबर ते जानेवारी. पानं जून झालेली असतात पण गळलेली नसतात, आणि ऐन-किंजळ दोघांवरही फळं दिसतात. ऐनाची पानं साधारण फेब्रुवारीपासून झडू लागतात आणि भर उन्हाळ्यात झाड बोडकं असतं. त्या वेळीही ओळखता येतं, पण ती दुसऱ्या वर्षाची शिकवण.

पान तोडण्याआधी आपण कुठे उभे आहोत ते पाहा. अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू असतो, तिथून काहीही तोडून आणायचं नाही. देवराईत तर वाळकी काटकीसुद्धा न उचलण्याची रीत आहे, ती पाळावी. जमिनीवर पडलेली पानं जागच्या जागी बघून तिथेच ठेवली तरी काम भागतं.

रानात जाण्याआधी घराजवळ एक सराव करा. शहरात, शाळांच्या आवारात, रस्त्याकडेला देशी बदामाची झाडं असतात. ते झाडही टर्मिनालियाच. त्याचं पान उलटं करा आणि देठाजवळ, मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना बारकाईने पाहा. बहुधा दोन छोट्या ग्रंथी, म्हणजे रस पाझरणारे बारीक उंचवटे, दिसतील. त्या एकदा डोळ्यांत बसल्या की ऐनाच्या पानावर काय शोधायचं ते कळतं.

पायरी पहिली: झाड कुठे उभं आहे

ऐन उतारावर, पठाराच्या कडेला, मळ्याच्या बांधावर, चिकट काळ्या मातीतही वाढतो. अर्जुन मात्र स्वभावाने पाण्याकाठचा. नदीच्या काठावर, ओढ्यात मुळं रोवून उभं असलेलं गुळगुळीत पांढरट झाड दिसलं तर आधी अर्जुनाचा विचार करावा. रस्त्याकडेला आणि बागांत मात्र अर्जुन भरपूर लावलेला असतो, त्यामुळे लागवडीच्या ठिकाणी हा निकष सोडून द्या.

जागेवरून झाड पक्कं होत नाही, फक्त कुठल्या शक्यता आधी तपासायच्या ते ठरतं. माणसांशी असलेल्या नात्यावरूनही कधी धागा मिळतो. गोंड समाजात साज म्हणजे ऐन पवित्र मानतात, त्यात बडादेवाचा वास असल्याची श्रद्धा आहे. पूर्व विदर्भात गावाजवळचं एखादं जुनं, कुणीही कुऱ्हाड न लावलेलं झाड दिसलं तर तिथल्या माणसांना आदराने विचारा. झाडाचं नाव तर कळतंच, शिवाय ते का राखलं तेही कळतं.

पायरी दुसरी: साल

जुन्या ऐनाच्या खोडाला चिकटून उभे राहा. रंग राखाडीपासून काळ्यापर्यंत कुठलाही असतो. उभ्या भेगा खोल असतात आणि त्यांना छेदणाऱ्या आडव्या भेगाही असतात, त्यामुळे साल चौकोनी-आयताकृती ढलप्यांत फाटते. उन्हाळ्यात आटलेल्या तळ्याच्या तळाशी चिखल जसा तडकतो तसं खोड दिसतं. करंगळीचं टोक भेगेत घालून पाहा, जुन्या झाडावर ते सहज आत जातं. एखादी ढलपी आपसूक निखळलेली असेल तिथे आतली साल तांबूस दिसेल. मुद्दाम ढलपी उपटू नका.

ही जाड साल ऐनाचं चिलखत आहे. वणवा बुंध्यावरून जातो आणि झाड तगतं. पण इथेच नवखे चकतात. वणवा गेलेल्या रानात कुठल्याही झाडाचा बुंधा काळाठिक्कर दिसतो. काजळी आणि सालीचा रंग यांत गल्लत होऊ नये म्हणून साल नेहमी डोक्याच्या वर, शक्य तर दोन पुरुष उंचीवर पाहा. रंग फसवतो, भेगांची घडण सहसा फसवत नाही. कोकणातल्या दमट हवेत तर खोडावर दगडफुलाचे पांढरे-करडे थर चढतात, शेवाळ आणि आमरी (ऑर्किड) वाढतात, काळा रंग पार झाकून जातो. त्या खडबडीत सालीत पाणी आणि धूळ धरून राहते म्हणून आमरीला ऐन मानवतो.

कोवळ्या ऐनावर यातलं काहीच नसतं. मनगटाएवढ्या जाडीच्या रोपट्याची साल करडी आणि बऱ्यापैकी सपाट असते. अशा झाडावर सालीच्या भानगडीत न पडता थेट पानाकडे जा.

आता तोतया. टेंभुर्णी, म्हणजे ज्याची पानं विडीला लागतात तो तेंदू, याची सालही काळी आणि चौकोनी तडकलेली असते. टेंभुर्णी आणि ऐन एकाच रानात शेजारी शेजारी असतात. नुसत्या फोटोवरून, त्यातही फक्त खोडाच्या फोटोवरून, मीही या दोघांचा निवाडा करत नाही. टेंभुर्णी सहसा लहान, बुटकं झाड असतं आणि फळाच्या बुडाशी निदलपुंजाची, म्हणजे फुलाखालच्या पाकळ्यांसारख्या दलांची, टोपी असते. खरा निकाल पुन्हा पानच देतं, कारण ऐनाच्या पानावरची ती ग्रंथी टेंभुर्णीच्या पानावर नसते.

उलट्या बाजूची गल्लत अर्जुनाची. त्याची साल गुळगुळीत, फिकट करडी किंवा गुलाबीसर पांढरट असते आणि मोठ्या पातळ पापुद्र्यांत सुटते. साल बघितल्यावर ऐन आणि अर्जुन यांत गोंधळ व्हायला नको. गोंधळ होतो तो अर्जुन आणि नाण्याचा. नाणाही पांढरट, पापुद्रे सोडणारा, आणि उतारावर ऐनाच्या शेजारीच उभा असतो. नाण्याच्या पानावर ग्रंथी नसतात आणि त्याचं फळ तडकून उघडणारं लहान बोंड असतं, त्याला पंख नसतात.

सालीबद्दल आणखी एक. मार्च २०२४ मध्ये आंध्र प्रदेशातल्या पापिकोंडा राष्ट्रीय उद्यानात वनकर्मचाऱ्यांनी ऐनाच्या खोडावरचा फुगवटा छेदला आणि पाण्याची धार लागली, ती चित्रफीत देशभर फिरली. काही ऐन खोडात पाणी साठवतात हे खरं आहे. पण ते पाहून लोक दिसेल त्या ऐनावर कोयता चालवतील ही भीती मला वाटते. बहुतेक ऐनांवर असा फुगवटा नसतो, आणि ही ओळखण्याची खूण तर नाहीच. सालीला घाव घालून झाड ओळखायचं नसतं.

पायरी तिसरी: पानांची मांडणी

हाताला लागेल अशी फांदी शोधा, नाहीतर दुर्बिणीतून पाहा. ऐनाची पानं जवळपास समोरासमोर असतात. जवळपास म्हणण्याचं कारण असं की जोडीतलं एक पान दुसऱ्यापेक्षा किंचित खाली सरकलेलं असतं. अर्जुन, किंजळ आणि हिरडा यांचंही साधारण असंच. बेहड्याची पानं मात्र एकाआड एक असतात, आणि फांदीच्या टोकाला झुबक्यासारखी दाटतात. देठही चांगला लांब, बोटभर. ऐनाचा देठ आखूड, एक-दोन सेंटिमीटरचा. लांब देठाच्या रुंद पानांचे झुबके दिसले की बेहडा वेगळा काढला, एक गडी कमी झाला.

आकार म्हणाल तर ऐनाचं पान लंबगोल, जाड, चिवट, साधारण दहा ते वीस सेंटिमीटर लांब आणि त्याच्या निम्मं रुंद. अर्जुनाचं त्यापेक्षा अरुंद आणि लांबट, कडेला बारीक दंतुर. किंजळाचं टोक निमुळतं होत जातं. हे सगळं खरं, पण आकारावर फार विसंबू नका, विशेषतः कोकणात. भाताचा राब, म्हणजे रोपं तयार करायची जागा, पाला-फांद्या जाळून भाजण्यासाठी दरवर्षी ऐन-किंजळाच्या फांद्या छाटतात. अशा झाडाचा डोक्याकडचा भाग गाठाळ, मुठीसारखा झालेला असतो आणि तिथून फुटणाऱ्या धुमाऱ्यांवरची पानं नेहमीपेक्षा कितीतरी मोठी असतात. पट्टी लावून ‘हे ऐनात बसत नाही’ असं ठरवलं तर घरासमोरचा ऐनही हातचा जाईल.

पायरी चौथी: पान उलटं करा

सगळ्या लेखातली हीच पायरी सर्वांत महत्त्वाची, म्हणून इथे घाई करू नका.

एक जून पान घ्या आणि पालथं धरा. देठ जिथे पानाला मिळतो तिथून मधल्या शिरेवर थोडं वर पाहा. ऐनाच्या पानावर तिथे शिरेला चिकटून एक किंवा दोन ग्रंथी असतात. भिंगातून पाहिलं तर प्रत्येक ग्रंथीला आखूड देठ आणि वर खोलगट तोंड दिसतं, जणू बाजरीच्या दाण्याएवढी एखादी समई. भिंग नसेल तर डोळे मिटून अंगठा मधल्या शिरेवरून टोकाकडून देठाकडे सरकवा. शेवटाकडे तो अडखळतो. कोवळ्या पानांवर या ग्रंथींतून गोड रस पाझरतो, त्यामुळे तिथे मुंग्या घुटमळताना दिसतात.

प्रत्येक पानावर ग्रंथी सापडेलच असं नाही. निदान दहा पानं, दोन-तीन वेगळ्या फांद्यांवरची, तपासल्याशिवाय ‘नाही’ म्हणू नका. दुसरी चूक याच्या उलट होते. ऐन आणि अर्जुन यांच्या पानांवर बारीक किडीमुळे फोडांसारख्या गाठी येतात, काही झाडं तर त्यांनी भरून जातात. त्या गाठी पानावर कुठेही, वाटेल तशा विखुरलेल्या असतात. ग्रंथीची जागा ठरलेली असते. पानाच्या मध्यावर किंवा कडेला उंचवटा दिसला तर ती ग्रंथी नाही.

आता ग्रंथी नेमकी कुठे आहे ते पाहा, कारण त्या जागेवरून भावंडं वेगळी होतात. देठावरच, पानाच्या जरा खाली जोडी असेल तर हिरडा किंवा बेहडा, आणि बेहडा आपण मघाशीच वेगळा काढला आहे. देठ आणि पान यांच्या सांध्यावर असेल तर अर्जुनाची शक्यता मोठी. पानाच्या पाठीवर मधल्या शिरेपाशी असेल तर ऐन किंवा किंजळ.

‘किंवा किंजळ’ हे दोन शब्द मी कसे शिकलो ते सांगतो. कोकणात एका बांधावर मी पान उलटं करून ग्रंथी बघितली आणि सोबतच्यांना ठासून सांगितलं की हा ऐन. वर फांदीवर एक म्हातारे गृहस्थ राबासाठी कोयत्याने टाळ, म्हणजे पानांसकट फांद्या, तोडत होते. ते तिथूनच म्हणाले, “ऐन न्हाय तो, किंजळ हाय. हा बघ.” आणि त्यांनी एक डहाळी खाली टाकली. तिच्यावर गुलाबी-तपकिरी, चिमुकल्या फळांचा भरगच्च घोस होता. “बाबा, पण पानामागे गाठ आहे ना?” मी विचारलं. ते म्हणाले, “गाठ दोघांना बी असते. साल बघ ना बाला, ऐनाची अशी असते काय?” मी साल पाहिलीच नव्हती. समोर उभं होतं ते तपकिरी खोड, उथळ उभ्या चिरांचं, पातळ खपल्या सुटणारं. चौकोनी ढलप्यांचा पत्ता नव्हता.

त्या दिवसापासून मी नवख्यांना असं सांगतो: ग्रंथी झाडाचं आडनाव सांगते, नाव विचारायला सालीकडे आणि फळाकडे जावं लागतं. भिंग असेल तर एक बारीक फरकही दिसेल. किंजळाच्या ग्रंथी बुडाशी चपट्या बसलेल्या असतात, ऐनाच्या देठावर उचललेल्या. पण हा फरक डोळ्यांत भरायला दोन्ही पानं शेजारी ठेवून पाहावी लागतात.

पान खालून कुरतडलेलं असेल तर डहाळीवरही नजर टाका. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या भागांत ढिवर समाजातली कुटुंबं ऐनावर टसर रेशमाच्या अळ्या वाढवतात. टसरचा कोश डहाळीला एका टणक दांडीने लटकलेला असतो आणि ती दांडी डहाळीभोवती कड्यासारखी गुंडाळलेली असते. रानातही असा कोश दिसला तर ऐनाची शक्यता वाढते, पण टसरची अळी अर्जुनही आवडीने खाते, तेव्हा हा पुरावा जोडीला धरायचा, मुख्य नाही. आणि कोश काढू नका, तो कुणाच्या तरी कष्टाचा असू शकतो.

पायरी पाचवी: कळी आणि डहाळीचा शेंडा

इथे कळी म्हणजे फुलाची नव्हे, ज्यातून नवं पान उमलतं ती. ऐनाची पानकळी लहान आणि बोथट असते, तिच्यावर ठळक खवले शोधत बसू नका. पाहायची ती लव. कळीवर, कोवळ्या डहाळीवर आणि नव्या पानावर गंजासारखी तांबूस-करडी दाट लव असते. ‘टोमेंटोसा’ हे नाव तिथूनच आलं. बोटाने हलकेच कुरवाळलं तर मखमलीसारखं लागतं. पान जून होत गेलं की लव झडते, त्यामुळे जून पान हातात घेऊन ‘लव नाही, म्हणजे ऐन नाही’ असा निष्कर्ष काढायचा नाही. लव शेंड्यावर शोधायची.

अर्जुनाचा शेंडा याच्या तुलनेत जवळजवळ लवहीन. हिरड्याच्या कळ्यांवर आणि अगदी कोवळ्या पानांवर लव असते, पण तिला रेशमासारखी चकाकी असते. किंजळाचे कोवळे भागही तांबूस लवेचे, म्हणजे कळीवरूनही ऐन-किंजळ सुटत नाहीत. या दोघांना वेगळं करायचं तर साल आणि फळ, दुसरा खात्रीचा मार्ग नाही.

मार्च-एप्रिलमध्ये झाड बोडकं असताना कळी हाच मोठा आधार. तेव्हा डहाळीवर गळलेल्या पानांचे व्रण पाहा. ऐनाचे व्रण मागेपुढे सरकलेल्या जोड्यांत असतात. बेहड्याची डहाळी जाड आणि टोकाशी व्रणांची दाटी असते. सागाशी गल्लत होईल असं वाटलं तर डहाळी बोटांत फिरवा. सागाची कोवळी डहाळी चौकोनी असते, चार धारा बोटाला स्पष्ट लागतात. ऐनाची तशी नसते.

झाडाखाली पडलेली पानं या दिवसांत खूप मोह घालतात. ती वाऱ्याने शेजारच्या झाडावरूनही आलेली असतात. फांदीला अजून लटकलेलं एखादं वाळकं पान दुर्बिणीत सापडलं तर त्याला जास्त मोल द्या.

फळ मिळालं तर

मग सगळंच सोपं होतं. ऐनाच्या फळाला पाच रुंद, कागदासारखे पंख असतात. अर्जुनाच्या फळालाही सहसा पाचच, पण ते जाड आणि कडक. दोन्ही फळं हाताशी असतील तर पंख उजेडासमोर धरून त्यावरच्या बारीक रेषा पाहा. ऐनाच्या पंखावर त्या मधल्या कण्यापासून कडेपर्यंत जवळपास सरळ आडव्या जातात, अर्जुनाच्या पंखावर वरच्या दिशेने वळतात. एवढीशी रेष, पण पानं-साल काहीही नसताना नुसत्या पडलेल्या फळावरून ती निकाल देते.

किंजळाचं फळ चिमुकलं, तीन पंखांचं, त्यातला एकच मोठा. किंजळ पावसाळ्याच्या उत्तरार्धात फुलतो, आणि पुढे डिसेंबरच्या सुमारास अख्खं झाड गुलाबी-तांबूस दिसतं. समोरच्या डोंगरावर त्या दिवसांत असे रंगलेले शेंडे दिसले तर ते किंजळ, एवढं लांबूनही सांगता येतं. ऐन जूनच्या आसपास फुलतो, फुलं फिकट पिवळसर, तुऱ्यांत, पाकळ्या नसलेली. हिरडा-बेहड्याच्या फळांना पंख नसतात. वाळलेल्या हिरड्यावर पाच कंगोरे दिसतात, बेहड्याचं फळ मखमली लवेचं. ही दोन्ही तर घरात त्रिफळा चूर्ण असणाऱ्यांच्या ओळखीची.

वहीत कसं लिहायचं

नुसतं ‘ऐन’ असं लिहू नका, काय पाहिलं ते लिहा. माझ्या वहीतली एक नोंद जशीच्या तशी देतो: “उतार, ओढ्यापासून दूर. साल दोन पुरुष उंचीवर काळपट, चौकोनी ढलप्या, भेगा खोल. पानं जवळपास समोरासमोर, देठ दीड सेंमी. बारा पानं पाहिली, नऊंवर ग्रंथी, पाठीवर मधल्या शिरेपाशी, देठासह. शेंड्यावर तांबूस लव. फळ नाही. ऐन.” फळ नसूनही इथे ऐन लिहिला, कारण साल किंजळाची शक्यता मोडते आणि ग्रंथीची जागा बाकीच्यांची.

त्याच पानावर खाली दुसरी नोंद आहे: “बांधावर छाटलेलं झाड, खोड मांडीएवढं. साल करडी, भेगा नुकत्या पडू लागलेल्या, ढलप्या नाहीत. ग्रंथी पाठीवर, चपट्या की देठाच्या ते कळेना. पानं फार मोठी, धुमाऱ्यांची. ऐन? किंजळ?” या झाडाचा फोटो काढून ठेवला आहे, बांधाच्या मालकाचं नावही विचारून ठेवलं आहे. छाटणीतून एखादी फांदी वाचली तर ती भाद्रपद-आश्विनात पाहायची. किंजळ असेल तर तेव्हा फुलोऱ्यावर असेल, ऐन असेल तर त्याचा फुलोरा कधीच होऊन गेलेला असेल आणि फांदीवर हिरवे पंख धरू लागलेले असतील.